फुंकलं की मोकळं, ओढलं की बंद

माझ्या गॅरेजात एक नियम होता. गिऱ्हाइकानं रोगाचं नाव घ्यायचं नाही, दुखतंय कुठं तेवढंच सांगायचं. "मिस्त्री, कार्बोरेटर गेलाय," असं म्हणत कुणी आत शिरला की माझं डोकं फिरायचं. "तुम्हाला कळलंय तर तुम्हीच बसवा की," असं मी तोंडावर म्हणायचो. हात चांगला पण तोंड फाटकं, अशी माझी ख्याती होती आणि मला तिचं काही वाटत नसे. गाडीचं दुखणं माणसाच्या दुखण्यासारखंच असतं. आधी नाव ठरवून टाकलं की मग डोळ्यांना तेवढंच दिसतं.

मी मूळचा वाईकडचा. घाटावर पोहायला शिकलो, शाळेत काही रमलो नाही. फौजेत भरती झालो आणि तिथल्या वर्कशॉपात जीपगाड्यांखाली उताणा पडून तरुणपण काढलं. एकाहत्तरच्या लढाईनंतर सुटून आलो तो सांगलीतच राहिलो, कारण बायकोचं माहेर तिथलं आणि नदी तीच, आमच्याच घाटावरून खाली आलेली. कुपवाडला नवे कारखाने उभे राहत होते. त्या रस्त्याला पत्र्याची एक शेड घातली, पुढं एक लिंबाचं झाड होतं ते तसंच राहू दिलं.

त्या काळात लष्कराच्या लिलावातून निघालेल्या जुन्या जीपा आमच्या भागात फार. ऊसवाल्यांना ट्रॅक्टर परवडायचा. पूर्वेकडच्या कोरड्या गावांना मात्र जीपच. तिकडे रस्ता म्हणजे ओढ्याची वाळू, नाहीतर मुरमाचा चढ. डांबर संपलं की एसटी मागं फिरायची आणि तिथून पुढं चारी चाकांना जोर असलेल्या या गाडीचं राज्य सुरू व्हायचं. बाजारची माणसं तीच न्यायची, तासगावला द्राक्षं काढायला निघालेल्या बायका तीच न्यायची, लग्नाचं वऱ्हाड तीच न्यायची आणि आजारी माणूसही तीच न्यायची. पेट्रोल महागलेलं होतं. त्यामुळे गाडी जरा खोकली की लोक पहिलं नाव रॉकेलचं घ्यायचे. पेट्रोलात रॉकेल मिसळणारे होतेच, नाही असं नाही. पण न मिसळणाऱ्याच्या माथ्यावरही तोच आळ बसायचा.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी अशीच एक जीप शेडपुढं येऊन थांबली. गाडीत दोघं भाऊ. चालवत होता तो धाकटा, तिशीच्या आतबाहेरचा. थोरला मागच्या बाकावर एकटा बसलेला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, दाढी वाढलेली. घर मेंढपाळाचं, हे सांगावं लागलं नाही. दुष्काळात बरीच मेंढरं गेली, उरलेली विकून दोघांनी मिळून ही जीप घेतली होती, हे मला धाकट्याकडून मागाहून कळलं.

थोरला उतरून सरळ माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"मिस्त्री, गाडी खोला. समदी खोला. काय घावंल ते मला सांगा." मग भावाकडं न बघता हातानं दाखवून म्हणाला, "ह्येला न्हाई. मला."

एवढं बोलून तो लिंबाखाली गेला, घोंगडं अंथरलं आणि आमच्याकडं पाठ करून बसला.

मला चीड आली. भावाभावांची भांडणं माझ्या शेडमध्ये आली की मला नेहमीच यायची. सामाईक गाडी, एक चालवतो, दुसऱ्याला वाटतं तो खातोय. मग मिस्त्रीनं पंच व्हायचं आणि एकाचा वैरी होऊन बसायचं. गाडी परत पाठवावी असंही मनात आलं. पण धाकट्याचं तोंड बघितलं आणि गप्प बसलो. पोरगं आतून पार वाळून गेलेलं दिसत होतं.

"दुखतंय कुठं?" मी विचारलं.

"चालती चालती अन् बंद पडती. घटकाभर थांबलं की आपल्या आपण सुरू हुती. परत थोडी चालती, परत बंद."

त्यानं रोगाचं नाव घेतलं नाही. मला बरं वाटलं.

"रॉकेल?"

"न्हाई वो," तो इतक्या खालच्या आवाजात म्हणाला की ऐकायला मला जवळ सरकावं लागलं. "एक थेंब न्हाई. तुमी तेवढं बघून सांगा. माजं म्हननं कुनी ऐकत न्हाई."

त्याआधी दोन ठिकाणी गाडी दाखवून झाली होती. एकानं ठिणगी देणारी कॉइल गरम होतेय म्हणून ती बदलली. दुसऱ्यानं पेट्रोलची वाफ होतेय म्हणून इंजिनजवळच्या पंपावर ओलं फडकं बांधलं, कार्बोरेटर धुतला, नळी फुंकून बघितली. गाडी होती तशीच राहिली. मीही तिथूनच सुरुवात केली. टाकीकडून येणारी नळी पंपाजवळ सोडवली आणि तोंडानं फुंकली. टाकीत गुडगुड आवाज आला, म्हणजे वाट मोकळी. पंपाच्या काचेच्या वाटीत तळाला थोडा पिवळा गाळ होता. पूर्वेकडची माती, दुसरं काय असणार, असं म्हणून मी वाटी पुसून परत लावली. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बघितलं, तेही उघडं होतं.

मग थोडं पेट्रोल तळहातावर घेतलं. चांगलं पेट्रोल हाताला गार लागतं आणि बघता बघता उडून जातं. रॉकेल असलं तर मागं चिकट, तेलकट थर राहतो आणि वास जाता जात नाही. माझा तळहात कोरडा झाला. कागदावर थेंब टाकला, तोही डाग न ठेवता उडाला.

"रॉकेल नाही," मी म्हणालो.

धाकट्यानं डोळे मिटून घेतले. "दादाला सांगा."

"अर्धं काम झाल्यावर मी काही सांगत नसतो," मी म्हणालो. "बंद पडते ती का पडते, ते कळू दे आधी."

रस्त्यावर घेतल्याशिवाय ते कळणार नव्हतं. थोरला यायला तयार नव्हता, त्यानं नुसती मान हलवली. आम्ही दोघं तासगावच्या रस्त्याला निघालो. मी चालवत होतो. इंजिन चांगलं होतं, आवाज एकसारखा, चढाला ओढ चांगली. धाकटा शेजारी दोन्ही हातांनी पुढची दांडी धरून बसला होता. गाव मागं पडलं, दुतर्फा द्राक्षांचे मांडव लागले, आणि एका लहानशा चढावर इंजिननं पहिला आचका दिला. मग दुसरा. मी पाय दाबला तर उलट जास्तच घसरलं, आणि गाडी थांबली.

मी उतरून बॉनेट उघडलं. प्लगची वायर काढून इंजिनच्या लोखंडाजवळ धरली, धाकट्याला स्टार्टर दाबायला सांगितला. ठिणगी पडली, निळी आणि टणक. म्हणजे विजेचा भाग बरा होता. कार्बोरेटरचं झाकण काढलं तर आतली वाटी कोरडी ठणठणीत. टाकीत भरपूर पेट्रोल आणि कार्बोरेटरात थेंब नाही. आता कुठं मला जरा हुशारी आली होती. मी खुशीत मागं वळून काहीतरी बोलणार, तर धाकटा गाडीत नव्हता. रस्त्याच्या कडेला तो गुडघ्यांना मिठी घालून बसला होता.

"अशीच," तो म्हणाला. "अशीच थांबली हुती. आचके दिऊन."

मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. मला विचारावं लागलं नाही.

त्याची वहिनी, थोरल्याची बायको, बाळंतपणात अडली होती. दोन मुलींनंतरचं हे तिसरं. सुईणीनं सकाळीच हात टेकले आणि मिरजेला न्या म्हणाली. मागच्या बाकावर गादी घातली, थोरल्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि यानं गाडी हाणली. ओढा पार झाला, मुरमाचा चढ पार झाला, आणि डांबरावर आल्यावर गाडी बंद पडली. थांबले. सुरू झाली. पुन्हा बंद पडली. त्या रस्त्याला दुपारचं दुसरं वाहन नव्हतं.

"तिसऱ्या बारीला थांबली तवा वैनी मला म्हनली, भावजी, उन्हात उबं राहू नगा, आत बसा. तिला एवढ्या कळा येत हुत्या, अन् ती मला सावलीत बस म्हनत हुती."

दवाखान्यात पोचले तेव्हा मूल गेलेलं होतं. ती संध्याकाळी गेली. डॉक्टर एवढंच म्हणाले की जरा आधी यायला हवं होतं.

"तवापास्नं दादा माज्याशी बोलला न्हाई. महिना हून गेला. एक शबुद न्हाई. गाव म्हनतंय म्या रॉकेल घातलं. पेट्रोल मीच आनतो ना. दादाबी तेच समजतोय. न्हाईतर बोलला असता."

त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं मला वाटलं. माझे हात काळे होते आणि मला असलं काही जमतही नाही. मी उठलो, गाडीकडं गेलो. पण त्या घडीपासून ते काम माझ्यासाठी नुसतं काम राहिलं नाही. मला त्या पोराला सोडवायचं होतं.

फौजेतली एक युक्ती होती. काचेची एक बाटली पेट्रोलनं भरून बॉनेटला वर टांगायची आणि रबरी नळीनं थेट कार्बोरेटरला पाजायची. टाकी नको, पंप नको. बाटली मी बरोबर घेतलीच होती. ती बांधली आणि गाडी सुरू केली. परत शेडपर्यंत ती कुठंही न खोकता आली. मधे मी मुद्दाम चढावर दामटली, तरी तक्रार नाही. म्हणजे इंजिन निरोगी, कार्बोरेटर निरोगी. पंप खोलून त्याचा पडदा बघितला, तोही धड होता. दोष मागं, टाकीकडं होता. पण नळी तर मी सकाळी फुंकली होती, आणि माझ्याआधी आणखी एकानं फुंकली होती.

मी नळी हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. मग एक साधी गोष्ट ध्यानात आली आणि माझी मलाच लाज वाटली. फुंकताना आपण पेट्रोल मागं ढकलतो. पंप काही फुंकत नाही, तो ओढतो.

मी नळी तोंडात धरून ओढली. तोंडभर पेट्रोल आलं, थुंकलो. पुन्हा ओढली, आलं. ओढत राहिलो. एकाएकी नळीनं माझी जीभ धरली, पलीकडून कुणी अंगठा लावून बंद करावी तशी. सोडली, क्षणभर थांबलो, ओढली, तर पुन्हा पेट्रोल आलं. टाकीत काहीतरी होतं. ओढलं की नळीच्या भोकावर येऊन बसायचं आणि ओढ थांबली की बाजूला सरकायचं. म्हणून फुंकणाऱ्या प्रत्येकाला वाट मोकळी दिसायची.

या जीपांची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. सीट उचलली की झाकण, तेही चांगलं पेल्याच्या तोंडाएवढं. आम्ही दोघांनी टाकी रिकामी करून खाली काढली आणि उन्हात ठेवली. पेट्रोलच्या टाकीत काडी पेटवून बघणारे महाभाग मी पाहिलेत, म्हणून माझ्याकडं दाढीचा एक आरसा असायचा. त्यानं उन्हाचा कवडसा आत टाकला. तळाला तोच पिवळा गाळ पसरला होता, आणि नळीच्या भोकाजवळ काहीतरी पातळ, तपकिरी. तारेचा आकडा करून मी ते हळूच ओढून बाहेर काढलं आणि तळहातावर घेतलं.

बेलाचं पान होतं. तीन दलांचं, देठासकट. पेट्रोलात राहून रंग गेलेला, चामड्यासारखं चिवट झालेलं, पण कुठं फाटलेलं नाही. तेव्हा मला तो गाळही कळला. माती नव्हती ती. हळद होती, भंडारा होता.

मी धाकट्याकडं बघितलं. तो माझ्या तळहाताकडंच बघत होता.

"हे कसं आलं आत?" मी विचारलं.

त्यानं लिंबाकडं एकदा बघितलं आणि मला शेडमध्ये ओढलं. पुटपुटत सांगितलं. त्यांच्याकडे भावाभावांत काही सामाईक घेतलं, विहीर असो, कळप असो, की देवापुढं बेलभंडारा उचलून शपथ घ्यायची. शपथेचं पान पायदळी जाऊ द्यायचं नाही. विहीर असली तर ते तिच्याच पाण्यात सोडायचं. जीप आणली त्या दिवशीही दोघांनी शपथ घेतली. आता पान सोडायचं कुठं? थोरला म्हणाला, विहिरीला जसं पाणी तसं गाडीला पेट्रोल. सीट उचलली, झाकण काढलं आणि त्यानं भंडाऱ्यासकट पान टाकीत सोडलं. नवी गाडी म्हणून सगळे टाळ्या वाजवत होते. थोरल्याची बायको आरतीचं ताट घेऊन उभी होती.

पहिले काही महिने पान कुठंतरी कोपऱ्यात पडून राहिलं असेल. मग केव्हातरी भिजून सुटलं असेल.

"म्हणजे तुझ्याकडं काही दोष नाही," मी म्हणालो. मला खरंच आनंद झाला होता, आणि पुढच्याच क्षणी तो जागच्या जागी विझला. कारण याला सोडवायचं तर दोष कुणाच्या पदरात घालायचा, ते माझ्या तळहातावरच होतं.

धाकट्यानं माझ्या हातातून पान उचलून घेतलं आणि मूठ मिटली.

"आवं, दादाला सांगू नगासा. तुमच्या पाया पडतो. त्येला म्हना गंज हुता. माज्यावर आळ हाय तो ऱ्हाऊ दे. मला सवय झालीया. त्यो न्हाई जगायचा ह्ये ऐकून."

मी आजवर कुठल्याही गिऱ्हाइकाला खोटा रोग सांगितला नव्हता. त्या दिवशी मात्र मी सांगणार होतो. गंज हा शब्द माझ्या तोंडात तयार होता.

पण मी बाहेर यायला वळलो तर थोरला दारात उभा होता. तो कधी आला, किती ऐकलं, ते मला आजही माहीत नाही.

"काय घावलं?" त्यानं विचारलं.

"गंज हुता, दादा," धाकटा माझ्याआधीच बोलला. "टाकी जुनी हाय."

थोरल्यानं त्याच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघत म्हणाला, "मिस्त्री, पान हुतं न्हवं?"

मी उभ्या आयुष्यात शब्दाला शब्द दिला, पण तिथं माझं तोंड उघडलं नाही.

"हात उघड," थोरला भावाला म्हणाला. महिन्याभरात तो त्याच्याशी बोललेला हा पहिला शब्द होता. धाकटा मूठ उघडेना. तेव्हा थोरल्यानं जवळ जाऊन त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि पान पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"दुसऱ्यांदा थांबली तवाच माज्या मनात आलं हुतं," तो म्हणाला. "तिचं डोस्कं माज्या मांडीवर, अन् डोळ्यापुढं ह्ये पान. तुला सांगावं तर देवावर आळ. न सांगावं तर तुज्यावर. म्हून तोंडच उगाडलं न्हाई. तुज्याकडं बघायला मला तोंड न्हवतं रं."

मी शेडच्या खांबाला टेकलो. सकाळपासून मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो, हा भावावर उलटलाय म्हणून. गाव तसंच समजत होतं. धाकटाही महिनाभर तेच समजून जळत होता. आणि हा माणूस स्वतःचाच गुन्हा तपासून घ्यायला माझ्याकडं आला होता.

"म्या मारली तिला," थोरला म्हणाला. "माज्या हातानं."

धाकट्यानं त्याचा तो हात धरला, पानासकट.

"पान सोडलं तवा तुजा हात वर हुता, माजा खाली हुता. दोघांनी धरलं हुतं. अन् तोंडानं काय म्हनलो हुतो आपुन? गाडीचं बरं हू दे, वाईट हू दे, समदं निम्मं निम्मं. मग ह्येबी निम्मं, दादा. समदं तुला एकट्याला मी घिऊ देनार न्हाई."

 बाहेर रस्त्यावरून कारखान्यातली माणसं सायकलींवरून चालली होती.

"पोरींला काय सांगायचं?" थोरल्यानं शेवटी विचारलं.

"गाडी बंद पडली म्हून सांगू," धाकटा म्हणाला. "त्यात खोटं न्हाई."

त्यावर थोरला खाली बसला आणि मोठ्यानं रडला. दवाखान्यात नाही, तिला पोचवून आल्यावर नाही, दिवसकार्याला नाही. धाकट्यानं जाताना मला सांगितलं, तो रडला तो त्या दिवशीच.